पालथं नाणं

नोकरीतले बहुतेक गुन्हे दोषारोपपत्र कोर्टात गेलं की माझ्या डोक्यातून निघून जायचे. हा एक मात्र निवृत्तीनंतरही मुक्काम ठोकून बसला आहे. खून नाही, दरोडा नाही. साधी घरातली चोरी, तीही एका नाण्याची. तरी त्या प्रकरणात मी जितका गोंधळलो तितका मोठमोठ्या तपासांतही गोंधळलो नव्हतो. यातल्या कुणाचं नाव मी सांगणार नाही. ती माणसं आजही त्याच भागात नांदत आहेत.

हिंगोली परभणीतून वेगळी होऊन नवा जिल्हा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. कळमनुरी भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नवा जिल्हा म्हणजे रोज नवे तक्ते, रोज माहिती मागवणारे वायरलेस संदेश, आणि ठाण्यात माणसं मात्र जुनी तेवढीच. सकाळी हजेरी, मग रात्रगस्तीचा आढावा, बाजाराच्या दिवशी खिसेकापू आणि बैलाच्या सौद्यावरून झालेल्या मारामाऱ्या, असा आमचा संसार. अशाच एका बाजाराच्या दिवशी चाचा ठाण्यात आले.

चाचा म्हणजे कळमनुरीतले कापसाचे जुने व्यापारी. हिंदू असो की मुसलमान, सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं. सावकाश बोलणारा, कुणाच्या भानगडीत नसलेला माणूस. खुर्चीवर बसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "साहेब, घरातून एक चीज गेली. किंमत इचाराल तर मला माहीत न्हाई. पण दादाजानची निशानी हाय."

निशानी म्हणजे चांदीचं नाणं. त्यांचे आजोबा निजामाच्या रिसाल्यात घोडेस्वार होते. पहिल्या महायुद्धात त्यांचं पथक समुद्रापार गेलं आणि तिकडून, शामच्या, म्हणजे सीरियाच्या मुलखातून, त्यांनी दोन नाणी आणली. दोन्ही एकसारखी. गळ्यात घालता यावीत म्हणून हिंगोलीत सोनाराकडून वर कड्या लावून घेतल्या. त्यातलं एक नाणं चाचांच्या दुकानातल्या तिजोरीत असायचं आणि दुसरं घरच्या पेटीत. घरचं गेलं होतं. तिजोरीतलं चाचांनी मला दाखवायला म्हणून रुमालात बांधून आणलं होतं.

मी ते हातात घेतलं. आपल्या रुपयासारखं सपाट आणि गोल नव्हतंच ते. जाडजूड, कडा वेड्यावाकड्या, आणि हाताला चांगलंच वजनदार. एका बाजूला शिरस्त्राण घातलेल्या बाईचा चेहरा. चेहरा बाजूने दिसायचा, डोळा मात्र समोरून बघायचा. दुसरी बाजू काळी पडली होती, तरी तिच्यावरचा पक्षी ओळखू येत होता. अंग एका कुशीला, तोंड थेट आपल्याकडे, आणि दोन मोठे वाटोळे डोळे. त्याच्या मागे पानांची डहाळी, एक बारीक चंद्रकोर, आणि पुढे कुठल्याशा लिपीतली तीन अक्षरं.

"घुबड आहे का हो हे?" मी विचारलं.

चाचांनी रुमालाची घडी घातली. "परिंदा हाय," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "यूनानी सिक्का हाय साहेब. एक प्रोफेसर पाहून गेले होते. दोन हजार बरसापेक्षा जुना म्हणाले."

"युनानी म्हणजे दवाखान्यातला का?" शेजारी उभ्या असलेल्या जमादारांनी विचारलं. हे आमचे जमादार निवृत्तीला आलेले, जन्माने याच भागातले, आणि कुठल्याही विषयावर मत असलेले गृहस्थ. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते छताकडे बघू लागले.

मी फिर्याद नोंदवून घेतली, गुन्हा दाखल केला. कुणावर संशय आहे का, तर चाचा म्हणाले, "अल्ला जाने. म्या कुणाचं नाव घेणार न्हाई." घरी जाऊन पंचनामा केला. पेटीचं कुलूप शाबूत होतं. किल्ली चाचींच्या कमरेला. चाची पडद्याआडून एवढंच म्हणाल्या, "मेरेकू कुछ नै मालूम." तिजोरीतलं दुसरं नाणं नमुना म्हणून तपासापुरतं मागून घेतलं आणि परत आलो.

संशयित जमादारांनी शोधून काढला. चाचांच्या गोदामात एक हमाल होता. साखऱ्याच्या बाजूला एका बंजारा तांड्यावरचा, हंगामात गोदामातच राहणारा. घरी काही कार्य आहे म्हणून गेला तो परत आलाच नव्हता. तांड्यावरचा म्हटल्याबरोबर ठाण्यातल्या निम्म्या लोकांच्या मते गुन्हा उघडकीस आला होता. पोलीस खात्यात ही एक जुनी खोड आहे. कुणी शेंगा जरी चोरल्या तरी आधी तांड्याची वाट धरायची. मी म्हटलं, थांबा जरा.

पण खबर आली तीही तिकडचीच. आमचा एक खबऱ्या बांगड्यांची पाटी घेऊन बाजार करत फिरायचा. त्याने सांगितलं की नरसीच्या एका सोनाराकडे एक बाई जुनी चांदी आटवायला घेऊन आली होती आणि सोनाराने ती परत केली. "दारात आलेली चांदी परत करणारा सोनार तुमी कधी पाह्यला का साहेब?" तो म्हणाला. मी नव्हता पाहिला.

नरसीला गेलो. देवळाच्या रस्त्यावर प्रसादाच्या दुकानांच्या ओळीत सोनाराचं छोटं दुकान होतं. चाचांचं नाणं मी त्याच्यापुढे ठेवलं. त्याने एक नजर टाकली आणि लगेच ते उलटं केलं, बाईचा चेहरा वर.

"असंच होतं," तो म्हणाला. "ते चिंचेनं घासून चकचकीत केलेलं होतं. पण म्या घेतलं न्हाई. मी घुबड मुशीत टाकत नसतो साहेब. लेकरंबाळं हायेत घरात."

"बाई कोण होती?"

"साखऱ्याकडल्या तांड्यावरची. तिचा मालक कळमनुरीला चाचाच्या गोदामात हमाल हाय."

मला वाटलं, झालं काम. इतकं सरळ प्रकरण वर्षातून एखादंच मिळतं.

दुपारी तांड्यावर पोहोचलो. पुरुषमंडळी झाडाखाली बसली होती, तांड्याचा नाईक मध्ये. जीप बघून सगळे उभे राहिले. हमाल घरीच होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, डोक्याला नवा कोरा फेटा. त्याच्या लेकीची सगाई नुकतीच झाली होती. हेच ते घरचं कार्य. त्याची बायको दारात उभी होती आणि तिच्यामागे ती लेक, अठरा-एकोणीसची असेल.

"नरसीच्या सोनाराकडे तू कशाला गेली होतीस?" मी बायकोला विचारलं.

"आमी न्हाई गेलो."

"सोनार म्हणतो आली होती."

"कोणी दुसरी आसंल."

मी नाणं पुढे केलं. बाईने मान वळवली. नुसतं नको म्हणणारा माणूस आधी बघतो आणि मग मान हलवतो. ही बघायलाच तयार नव्हती. पंच आणि महिला शिपाई सोबत घेऊन घराची झडती घेतली. सगाईचा उरलेला गूळ, एक नवी ट्रंक, लेकीसाठी आरसे लावून शिवायला घेतलेली ओढणी. नाणं नव्हतं. नाईक सगळा वेळ हात पाठीमागे बांधून उभा होता. "आमच्या तांड्यात चोर न्हाई साहेब," तो म्हणाला. हमालाकडे मात्र त्याने असं पाहिलं की मला त्या माणसाची दया आली. मी त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

चौकशीत हात उगारायच्या मी विरुद्ध होतो. फार साधुपणा होता असं नाही; मार खाऊन माणूस बोलतो, पण आपल्याला हवं तेच बोलतो, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. म्हणून त्याला बसवलं, चहा दिला, आणि गोदामात कधी आलास, कधी गेलास असं विचारायला लागलो. त्याने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "म्याच चोरलं साहेब. लिवा."

मी लेखणीच उचलली नव्हती अजून.

"पेटी कशी उघडलीस?"

"उघडली."

"कशाने?"

"हातानं."

"कुलूप होतं की त्याला."

त्याने रिकामा कप थोडा बाजूला सरकवला.

"बरं, नाणं कुठं आहे?"

"कयाधूत टाकलं."

"चांदी नदीत टाकलीस? काहून?"

मी म्हटलं, "नाण्यावर काय होतं ते तरी सांग."

"बाईचं मुंडकं."

"आणि मागच्या अंगाला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मागं काय न्हाई. कोरं होतं."

कोरं! चोरलं म्हणून सांगणारा आणि चोरलेली वस्तू अर्धीच ओळखणारा आरोपी माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही हे वेगळंच. पण सोनाराचा जबाब होता, तो कामावरून निघून गेला होता, आणि स्वतः कबूल करत होता. त्याला सोडायला काही कारण नव्हतं. अटक दाखवली. कोर्टातून पोलीस कोठडी मिळाली. तांड्यावर त्याच दिवशी बातमी गेली की हा चोर निघाला.

दुसऱ्या दिवशी हजेरी चालू असतानाच चाचा आले. चेहरा उतरलेला. "साहेब, नाणं मिळालं. तक्रार वापस घ्यायची हाय."

"कुठं मिळालं?"

"घरीच."

"दाखवा."

"उद्या आणतो."

"गुन्हा दाखल झाला की तुमच्या म्हणण्याने तो पुसता येत नाही चाचा. माल दाखवा, म्हणजे मी कोर्टाला तसं कळवतो." ते मान डोलावून गेले. तिसऱ्या दिवशी आले आणि परत म्हणाले, उद्या आणतो. "तकलीफ माफ करा, पण त्या गरिबाला सोडा. त्याचं काही न्हाई यात."

आता मला सांगा, यात पोलिसाने काय करायचं? चोर म्हणतो मी चोरी केली. मालक म्हणतो चोरी झालीच नाही. सोनार म्हणतो नाणं मी डोळ्यांनी पाहिलं. चोराची बायको म्हणते आम्ही नाणं पाहिलंच नाही. आणि नाणं कुणाकडेच नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला वाचवतोय असं वाटायचं, पण कशापासून ते कळेना. केस डायरीत रोज काहीतरी लिहावं लागतं. त्या दिवशी मी पान उघडून बसलो आणि दोन ओळींच्या पुढे गेलो नाही. खरं सांगतो, मला माझाच राग आला होता.

त्यातच जमादारांचं वेगळं प्रकरण सुरू झालं. चाचांचं नमुन्याचं नाणं मुद्देमालाच्या खोलीत ठेवायला ते तयार नव्हते. लिफाफ्यात घालून ते त्यांनी बाहेरच्या कोनाड्यात ठेवलं होतं. "आत पिस्तुलं हायेत, खुनातली कुऱ्हाड हाय, समदं ठीक हाय साहेब," ते म्हणाले, "पण हे न्हाई. ठाण्यात आल्यापासून जीप दोनदा बंद पडली."

"जीप ते यायच्या आधीपासून बंद पडते, जमादार."

"तवा धक्का दिला की चालू व्हायची."

मी वैतागून हिंगोलीच्या एका इतिहासाच्या प्राध्यापकांना फोन लावला. ते भलतेच खूश झाले. म्हणाले, ती शिरस्त्राणवाली म्हणजे ग्रीकांच्या एका मोठ्या नगराची देवी, बुद्धीची आणि युद्धाची. घुबड तिचा पक्षी. डहाळी ऑलिव्हची, तेही तिचंच झाड. ती तीन अक्षरं म्हणजे नगराच्या नावाची सुरुवात. त्या नगराजवळ चांदीच्या खाणी होत्या, आणि घुबडाचं चित्र दिसलं की समुद्रापलीकडचा व्यापारीसुद्धा डोळे झाकून ती चांदी घ्यायचा. मी फोन ठेवला. घुबडाकडे बघून लोक विश्वास ठेवायचे, आणि इथे माझ्या ठाण्यात एक जमादार घुबडामुळे जीपला धक्का मारून दमला होता.

तेवढ्यात एक शिपाई चहा घेऊन आला. मी फोनवर बोलताना ते नाणं समोर ठेवलं होतं, पक्षी वर. कप ठेवायला जागा करताना त्याने बोटाने नाणं पालथं केलं आणि मग कप ठेवला. त्याच्या लक्षातही आलं नाही. माझ्या मात्र आलं. नरसीच्या सोनाराने हेच केलं होतं. तांड्यावरच्या बाईने तर बघितलंच नव्हतं. मी नाणं पुन्हा पक्षी वर करून ठेवलं आणि कोठडीतल्या माणसाला आणायला सांगितलं.

तो आला, टेबलाजवळ उभा राहिला. मी मुद्दाम कागद चाळत राहिलो. काही क्षणांत त्याचा हात पुढे आला आणि त्याने नाणं पालथं केलं.

"मागून कोरं होतं म्हणालास," मी म्हटलं. "मग पालथं काहून घातलंस?"

"साहेब, मला चोर लिवा," तो हात जोडून म्हणाला. "जेलात टाका. पर त्या नाण्याच्या मागं काय हाय ते नका लिवू."

पेटीचं कुलूप शाबूत आणि किल्ली चाचींच्या कमरेला, हे मला तेव्हा आठवलं. मी जीप काढली, सुदैवाने ती चालू झाली, आणि चाचांच्या घरी गेलो. चाचांना म्हटलं, मला चाचींशी बोलायचं आहे, तुम्हीही बसा. चाची पडद्याआड येऊन बसल्या. मी सांगितलं की तो माणूस चोरी कबूल करून कोठडीत बसला आहे. मग चाचींचा आवाज आला.

"मैं दी साब. मेरे हात से दी."

आतून रडणं ऐकू आलं. हमालाची बायको सणावाराला चाचींकडे यायची. लेकीची सगाई ठरल्याचं सांगायला आली तेव्हा चाचींनी पेटी उघडून ते नाणं तिच्या हातावर ठेवलं. चाचांना न विचारता. महिनाभर नातू तापाने फणफणत होता, आणि शेजारणीने डोक्यात भरवलं होतं की घरात उल्लू आहे तोवर लेकरू बरं व्हायचं नाही.

"चांदी है, गरीब के काम आएगी, ये भी सोची," चाची म्हणाल्या. "और घर की बला टल जाए, ये भी सोची. दोनों बातां थे साब. झूट कैसा बोलूं?"

चाचा खाली मान घालून बसले होते. बायकोने त्यांना हे हमालाच्या अटकेनंतर सांगितलं होतं. घरातली गोष्ट पोलिसांपुढे कशी काढायची म्हणून ते रोज उद्या-उद्या करत होते.

चोरी नव्हतीच. मी हलक्या मनाने ठाण्यात परतलो, हमालाला समोर बसवलं आणि म्हटलं, "सुटलास बाबा. चाचींनी सगळं सांगितलं." मला वाटलं तो पाया पडेल. तो माझ्यावर चिडला.

"काहून गेलते तुमी तिकडं?" तो म्हणाला. मग त्याने उरलेलं सांगितलं. नाणं मिळालं तेव्हा मागची बाजू काळीकुट्ट होती. बाईचा चेहरा समोर ठेवून आईने ते लाल दोऱ्यात ओवलं आणि लेकीच्या गळ्यात घातलं. तेच घालून पोरगी सगाईला बसली, गूळ वाटला, सोयऱ्यांनी कौतुक केलं. मग आईने ते चिंच लावून घासलं आणि मागून घुबड निघालं. तिने गुपचूप आटवायला नेलं तर सोनाराने हाकललं. ठेवावं तर भीती, फेकावं तर चांदी.

"चोराच्या पोरीला बी नवरा भेटतो साहेब," तो म्हणाला. "गळ्यात घुबड बांधून जिची सगाई झाली तिला कोण नेईल? उद्या सासरी एखादं ढोर मेलं तरी हिच्याच नावावर जाईल. मला दोन वर्षं होऊ द्या. माझं काय, मी पोते उचलतो, तिथं बी उचलीन."

हे सगळं खुळं आहे असं मी त्याला सांगितलं असतं, पण त्या दिवसांत मी स्वतः ते नाणं किती वेळा पालथं घातलं होतं ते मला माहीत होतं. दुसरी अडचण कायद्याची. चोरी नाही असं कोर्टाला कळवायचं तर माल हस्तगत करायला हवा, त्याचा पंचनामा हवा, आणि वर्णनात पक्षी आल्याशिवाय ते नाणं तेच आहे हे ठरत नाही. मी त्याला म्हटलं, नाणं कुठे आहे ते सांग, मी कळमनुरीतले पंच घेतो, तुमच्या तांड्यावर कुणाला पत्ता लागणार नाही. तो ऐकेना. सांगितलं तर कुणाच्या ना कुणाच्या तोंडून निघणारच, म्हणायचा. कोठडीची मुदत संपत आली होती. मी अशा पेचात होतो की निर्दोष माणूस निर्दोष ठरू नये म्हणून माझ्याशी भांडत होता.

सकाळी हजेरी चालू होती. फाटकाशी ती पोरगी दिसली. तिच्यामागे तिची आई, पदर तोंडाला लावून, "चल गं मागं" असं काहीतरी त्यांच्या भाषेत पुटपुटत. पोरगी थेट माझ्या खोलीत आली. फडक्याची एक गाठ सोडली आणि नाणं टेबलावर ठेवलं. लाल दोरा अजून कडीत होता. पक्षी वर.

"याडीनं बाभळीला बांधून ठेवलं होतं," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. "हे मह्या गळ्यात होतं सगाईला. चाचीनं दिलं होतं. मह्या बानं चोरलं न्हाई. लिवा."

मी तिच्या बापाला बोलावलं. तो आला, नाणं पाहिलं, आणि काही न बोलता ते पालथं केलं. तिने ते परत उलटलं. त्याने पुन्हा हात पुढे केला, तर तिने नाण्यावर आपला तळवा ठेवला.

"पोरी, विचार कर," मी म्हटलं. "तुझी सगाई मोडेल."

"मोडू द्या. बाला चोर करून मी नांदायला काहून जाऊ?"

"बरं. मग इथलेच पंच घेतो. बाहेर बोलू नका म्हणून सांगतो त्यांना."

माझ्या मते मी तिच्यावर उपकार करत होतो. ती एकदम तापली. "इथले काहून? आमच्या नाईकाला बोलवा. तुमी बाला जीपमंदी घातला तवा समदा तांडा पाहून राहिला होता. चोर न्हाई हे इथल्या लोकायला सांगून काय करू?"

खोलीत जमादार होते, शिपाई होते. जमादारांनी जीपची किल्ली उचलली. तिची आई भिंतीला टेकून खाली बसली होती.

जीप पाठवून नाईकाला आणलं. पंचनामा मी मोठ्याने वाचला. एका बाजूस शिरस्त्राणधारी स्त्रीचे मुख, दुसऱ्या बाजूस घुबड. 'पक्षी' लिहून भागलं असतं, पण मी घुबडच लिहिलं. नाईकाने नाणं हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी न्याहाळलं. तो पोरीकडे वळला. मग त्याने विचारलं, "चाचीनं राजीखुशीनं दिलं?"

"व्हय."

"मंग चोरी कुठं हाय?" असं म्हणून त्याने पंचनाम्यावर अंगठा उठवला.

कोर्टात अहवाल देऊन हमालाला सोडवलं. पुढे गैरसमजुतीतून दाखल झालेला गुन्हा म्हणून तो बंद करण्याची 'क' समरी पाठवली, ती मंजूर झाली. कोर्टाने नाणं चाचांना द्यायला सांगितलं. चाचांनी घेतलं नाही. "दिलेली चीज आमी वापस घेत न्हाई," म्हणाले, आणि तिथेच पोरीच्या हातात दिलं. सुटला त्या दिवशी बाप लेकीशी एक शब्द बोलला नाही. ठाण्याच्या फाटकापर्यंत एकटाच तरातरा पुढे गेला. जाताना मला म्हणाला, "साहेब, पोरीसाठी माझ्याकडं देण्यासारखं तेवढंच होतं. ते बी तिनं घेतलं न्हाई."

आजही कुणी विचारलं की त्या दोघांत बरोबर कोण, तर मला सांगता येत नाही. बापाची माया खरी होती आणि पोरीचा ताठाही खरा होता. चाचींनी एकाच हाताने मदत केली आणि बलाही ढकलली, तरी त्या बाईला वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. नोकरीत मला शिकवलं होतं की माणूस खोटं बोलला की त्याचा फायदा शोधा. या प्रकरणात जवळजवळ प्रत्येक माणूस खोटं बोलला आणि फायदा कुणाचाच नव्हता. तेव्हापासून मी संशयिताला एक प्रश्न जादा विचारायला लागलो: हे खरं निघालं तर घरात कुणाला त्रास होईल? त्या प्रश्नाने पुढे माझे काही गुन्हे सुटले. हा मात्र सुटूनसुद्धा सुटला असं वाटत नाही.

काही आठवड्यांनी गावभेटीला साखऱ्याकडे गेलो तेव्हा मुद्दाम तांड्यावर वाट वाकडी केली. सगाई मोडल्याचं जमादारांकडून कळलं होतं. घरापुढे बाज टाकलेली होती. हमाल बसला होता. त्याच्या बायकोने मला पाहून तोंड फिरवलं आणि आत गेली. तिचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. पोरीने पाण्याचा तांब्या आणून दिला. तिच्या गळ्यात लाल दोरा होता, नाणं आत होतं की काय ते दिसलं नाही आणि मी विचारलंही नाही.

"सगाईचं कळलं मला," मी म्हटलं. "वाईट झालं."

"मोडली," तो म्हणाला. "गूळ वापस पाठवला त्यायनं." मग तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. पोरगी रिकामा तांब्या घ्यायला वाकली, तेव्हा तिच्याकडे न बघताच तो मला म्हणाला, "काल तांड्यात दोघा भावाचा वाटणीचा तंटा होता साहेब. नाईकानं मला पंच म्हणून शेजारी बसवलं. चोराला कोणी बसवत न्हाई तिथं. हिच्यामुळं बसलो."